दहावा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
दोन मुड्डोशा घेतल्या, खवलं नखाने चाचपून.
"सुंगटां व्हर रे, ताजीं आसात," कोळीण म्हणाली.
चौतीस वर्षं म्हणते आहे.
चौतीस वर्षं मी हसून पुढे जातो,
आणि तिला वाटतं, माझं पोट नाजूक आहे.

आज बाबांचा दिवस.
हसाजी बन्याजी वाक्रूळकर, जाऊन अकरा वर्षं.
कद्दीश म्हणायचा तर दहा पुरुष लागतात,
मिन्यान लागतं.
नऊ पंडित चालत नाहीत, दहा हमाल चालतात, बाबा सांगत.
म्हापशात आमचे दहा म्हणजे मी.
सिनेगॉग रेवदंड्याला, रात्रभराची बस.

म्हणून स्कूटर हरमलला काढली.
कायतानच्या शॅकमध्ये इस्राएलची पोरं,
लष्करातून नुकती सुटलेली,
उघडी, उन्हाने सोललेली,
एकाच्या दंडावर हिरवा ड्रॅगन.
"तू? ज्यू?"

मग नवगाव सांगितलं.
फुटलेलं गलबत, किनाऱ्याला लागलेली सात जोडपी.
ग्रंथ बुडाले, सणांच्या तारखा बुडाल्या,
तोंडात एक ओळ उरली, शेमा इस्राएल,
ऐक, आपला देव एकच.
त्या ओळीवर पिढ्या काढल्या, आणि घाण्यावर.
तीळ, खोबरं, करडई.
शनिवारी बैल सोडलेला.
गावाने नाव ठेवलं, शनवार तेली.
शनिवारच का, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं
तर आम्हाला तरी कुठे धड सांगता आलं असतं.

माणसं मोजू नयेत म्हणतात.
बाबांसारखा उलटा मोजत गेलो,
एक नाही, दोन नाही, तीन नाही,
मला धरून नऊ नाही.
पुढे खरंच नाही.

ड्रॅगनवाला म्हणाला होता, मी देव मानत नाही,
आणि बाकावर पालथा पडला होता.

ऊन पाण्याला टेकायला आलं.
ते बुडालं की शब्बाथ, मग स्कूटरही नाही.
कायतान हात पुसत आला,
"हांव रावतां मरे, दादलोच न्हय?"
त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काय सांगणार.

शॅकच्या झावळ्यांवर कावळे.
आमच्या शेजारचे नाईक वडिलांच्या दहाव्याला
असेच ताटकळले होते,
पिंडाकडे बघत, म्हाताऱ्याचं काय राहिलं असेल म्हणत.
बाबांचं काय राहिलं असेल?
मी मनातल्या मनात कबूल केलं,
मेझुझा लावतो परत.
रंगकामाला चौकटीवरून उतरवला,
तीन वर्षं ड्रॉवरमध्ये आहे, वीजबिलांखाली.

तेव्हा तो उठला.
देव मानत नाही, पुन्हा सांगितलं,
आणि कायतानचा टेबल पुसायचा फडका
डोक्यावर घेऊन उभा राहिला.

यिथगद्दल वेयिथकद्दश.
त्यांना हिब्रू येतं, प्रार्थना येत नाही.
मला प्रार्थना येते,
हिब्रूत पेलाभर पाणी मागता येत नाही.
कद्दीश तर अरामी, तिथे सगळेच पोरके.
त्यात मरणाचा शब्द नाही.
बाबांचं नाव नाही.
त्याचं नाव थोर असो, थोर असो, एवढंच,
आणि आमेन.
ड्रॅगनवाल्याचं आमेन अर्धी लाट उशिरा आलं.

सूर्य जायच्या आत किल्ली कायतानला दिली,
उद्या तीन तारे दिसले की घेतो म्हटलं.
मुड्डोशा त्याने तळून ठेवल्या होत्या,
नव्या तव्यात, मला न विचारता.
मनुकांचं सरबत पिशवीत होतं,
दहा घोट जेमतेम झाले.

पोरं पांगली. तो बसून राहिला, फडका तसाच.
बऱ्याच वेळाने विचारलं,
शनिवारी तो बैल काय करायचा?

बसायचा, मी म्हटलं.
रवंथ.